घरगुती बेल्ट ग्राइंडरवर बेल्ट सारखा सुटतो: दोष कसा शोधायचा

२ बाय ७२ इंची बेल्ट ग्राइंडर शेडमध्ये स्वतः बनवणाऱ्यांची सगळ्यात जुनी तक्रार एकच असते. बेल्ट एका बाजूला सरकत जातो, नॉब फिरवून मधे आणला की थोडा वेळ टिकतो, मग पुन्हा कडेला. शेवटी बेल्टची कड फ्रेमला घासून उसवते, नाहीतर बेल्ट चाकावरून उडतो. ट्रॅकिंगचा नॉब शेवटच्या अर्ध्या-एक अंशाच्या दुरुस्तीसाठी असतो. प्रत्येक बेल्टला आणि प्रत्येक कामाला तो पिळावा लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे आणि नॉब तो झाकतो आहे, असं धरून चाला.

इथले सगळे आकडे ५० बाय १८३० मिमी बेल्ट, १.५ ते २ एचपीची २८८० फेऱ्यांची मोटर, १०० मिमीचं ड्राइव्ह चाक, ७५ मिमीचं ट्रॅकिंग चाक आणि प्लॅटनची (बेल्टमागच्या सपाट आधारपट्टीची) ५० मिमीची दोन चाकं धरून आहेत. नाशिककडे द्राक्षछाटणीच्या कात्र्या आणि कोयते लावायला, वेल्डिंगचे टाके साफ करायला असंच मशीन बहुतेक जण बांधतात. या मापात बेल्टचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो. शिकाऊ हातासाठी तो पुरे आहे. बेल्ट सुटत असताना मोठं ड्राइव्ह चाक लावून वेग वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आधी मोटरची पिन (प्लग) काढा आणि हाताने फिरवा

बेल्टच्या मागच्या बाजूला मार्करने एक आडवी रेघ मारा. प्रत्येक चाकाच्या कडेला एक ठिपका द्या. मग ड्राइव्ह चाक कामाच्याच दिशेने हाताने हळू फिरवा. बेल्टच्या एका फेरीत ड्राइव्ह चाक जवळपास सहा वेळा फिरतं, ट्रॅकिंगचं चाक पावणेआठ वेळा आणि प्लॅटनची छोटी चाकं बारा वेळा. त्यामुळे बेल्ट डावी-उजवीकडे झुलत असेल तर झोका कशाशी जुळतो ते मोजता येतं. रेघ येते तेव्हाच एकदा झुलतो, तर सांधा वाकडा जोडलाय. एखाद्या ठिपक्याबरोबर झुलतो, तर ते चाक आउट, म्हणजे नीट गोल न फिरता, फिरतंय. अजिबात न झुलता एका बाजूला सरळ सरकत गेला, तर चाकांची रेषा किंवा क्राऊन (चाकाच्या मध्याचा उंचवटा) तपासायचा.

हाताने सगळं ठीक आणि मोटर चालू करताच बेल्ट उडतो, तर ताण कमी आहे. मोकळा फिरताना मधे राहतो पण जॉब (घासायची वस्तू) टेकवला की सरकतो, तर ट्रॅकिंग चाकाच्या बिजागरीत खेळ आहे किंवा चाक धरणारा मशीनचा हात वाकतोय. वीस-पंचवीस मिनिटं काम झाल्यावर, चाकं तापल्यावरच सरकायला लागतो, तर अ‍ॅल्युमिनियमच्या चाकात बेअरिंग सैल झालंय. एवढ्या निरीक्षणावर निम्मं काम होतं. पाना हातात घेण्याआधी हे करा, कारण एकदा चार ठिकाणचे बोल्ट सैल केले की मग कशाने काय बदललं ते कळत नाही.

बेल्टच दोषी आहे का

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. बेल्ट काढा, डावी कड उजवीकडे येईल असा उलटून पुन्हा चढवा आणि हाताने फिरवा. सरकण्याची दिशा बदलली तर दोष बेल्टचा, तीच राहिली तर मशीनचा. ही चाचणी हातानेच करायची. एकावर एक चढवलेल्या सांध्याचा बेल्ट बाणाच्या उलट दिशेने मोटरवर चालवला तर सांधा जॉबला अडकून उकलतो.

या मापाचे बेल्ट आपल्याकडे बहुधा रोलमधून कापून, जोडून घ्यावे लागतात. कापताना पट्टी जराशी तिरकी झाली की बेल्टची एक कड दुसरीपेक्षा लांब होते. १ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण मशीनवर तो झुलतो. ओळखण्याची सोपी रीत अशी: एक पाइप लेव्हलमध्ये आडवा बांधा, त्यावर बेल्ट लोंबता सोडा, आणि खालच्या वळशात ४०० मिमी लांबीचा सरळ, जरा जड पाइप बरोबर मध्यावर ठेवा. दोन्ही कडा सारख्या असतील तर खालचा पाइपही लेव्हलमध्ये राहतो. घेरात १ मिमीचा फरक असेल तर त्याची दोन टोकं एकमेकांपेक्षा ४ मिमी खालीवर होतात. तेवढा फरक दिसला तर तो बेल्ट परत करा. २ मिमीपर्यंत चालतो. डझनभर बेल्ट घेत असाल तर दुकानातच दोन-तीन बेल्ट असे टांगून बघायला लाजू नका.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये शेडच्या भिंतीला टांगलेला सुती पाठीचा बेल्ट ओल धरतो, त्याच्या कडा वळतात आणि चाकावर तो पूर्ण रुंदीने बसत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला शेड असेल तर विचारूच नका. बेल्ट बंद कपाटात, निदान १०० मिमी जाडीच्या पीव्हीसी पाइपवर टांगून ठेवा. ४५ ते ६५ टक्के आर्द्रता त्यांना मानवते. घडी घालून रबर लावून ठेवलेल्या बेल्टला मोड पडतो, आणि तो मोड दर फेरीला ठक्क असा आवाज करत चाकावरून जातो. असा बेल्ट पुन्हा सरळ होत नाही.

क्राऊन: किती, कुठे आणि का

सपाट चाकावर बेल्ट आपोआप मधे राहत नाही. चाकाचा मध्य कडांपेक्षा किंचित उंच ठेवला तर राहतो. बेल्ट उंच भागाकडे का चढतो? बेल्ट एका उतारावर बसला की मोठ्या व्यासाकडची त्याची कड जास्त ताणली जाते, त्यामुळे बेल्ट आपल्याच सपाटीत किंचित वाकतो आणि चाकाला पुढच्या वेळी भिडताना मोठ्या व्यासाकडे जरा सरकून भिडतो. असं होत होत तो मध्यावर येतो आणि दोन्ही उतारांचा जोर सारखा झाला की थांबतो. यासाठी दोन गोष्टी लागतात: बेल्टला ताण आणि चाकावर पकड. दोन्हींपैकी एक नसेल तर कितीही चांगला क्राऊन उपयोगाचा नाही.

माप असं. ५० मिमी रुंद चाकाला दोन्ही बाजूंना १ अंश उतार पुरतो. म्हणजे मध्यावर व्यास ७५.० असेल तर दोन्ही कडांना ७४.१ भरला पाहिजे. दीड अंशाच्या पुढे जाऊ नका. लेथवाल्याला फक्त 'जरा बाक दे' म्हटलं की तो डोळ्याला दिसेल असा बाक देतो, आणि डोळ्याला ठळक दिसणारा क्राऊन हमखास जास्त असतो. तसल्या चाकावर जाड पॉलिस्टर पाठीचा बेल्ट फक्त मधल्या १५-२० मिमीवर टेकतो, कडा अधांतरी राहतात, पकड जाते आणि बेल्ट तिथल्या तिथे डगमगतो. मऊ, लवचिक पाठीचा बेल्ट त्याच चाकावर नीट चालतो. म्हणून 'एक बेल्ट चालतो, दुसरा चालत नाही' अशी तक्रार असेल तर व्हर्नियर आधी क्राऊनला लावा. मध्यावर टोकदार धारही नको. तिथे एमरी पेपरने गोलाई काढा, नाहीतर बेल्टच्या पाठीवर काळी रेघ पडून सांधा तिथूनच फाटतो.

दोन्ही उतारांचं शिखर चाकाच्या बरोबर मध्यावर हवं. ते ३ मिमी, म्हणजे एक सूत, बाजूला असेल तर बेल्टही एक सूत बाजूलाच स्थिरावणार, आणि तुम्ही नॉब पिळून त्याला मशीनच्या मध्यावर आणणार. चाललं तर चाललं, पण ताण बदलला की बेल्ट पुन्हा पळतो.

क्राऊन फक्त ट्रॅकिंगच्या चाकाला ठेवा. ड्राइव्ह चाक सपाट, प्लॅटनची चाकंही सपाट. सगळ्याच चाकांना क्राऊन दिलेली मशीनं बघायला मिळतात. तिथे प्रत्येक चाक बेल्टला आपल्या मध्यावर ओढतं आणि चाकांचे मध्य एका रेषेत नसले की बेल्ट कुणाचंच ऐकत नाही. शिवाय प्लॅटनवर बेल्ट मधे फुगतो आणि सपाट घासाई होत नाही.

आणि ट्रॉलीची नायलॉनची तयार चाकं वापरू नका. ती माणसाच्या चालीच्या वेगासाठी असतात, साच्यातून निघतात म्हणून गोल नसतात, आणि ७५ मिमीचं चाक इथे मिनिटाला ३८४० फेरे घेतं. फुटलं तर तुकडा थेट तोंडावर येतो. लाकडी चाकं पावसात फुगतात, क्राऊनचं माप राहत नाही.

धुरी आणि बेअरिंग: खरा चोर बहुधा इथेच

चाक आउट फिरतंय का ते डायल गेज लावून बघा. चाकाच्या तोंडावर डायल टेकवा, बेल्ट काढून चाक हाताने फिरवा. पूर्ण फेरीत काटा १० घरांच्या आत फिरला, म्हणजे ०.१ मिमी, तर उत्तम. २० घरांपर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढे बेल्ट झुलणारच. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. इथे काटा हलला तर चाकाचा दोष नाही, बेअरिंगचा किंवा धुरीचा आहे.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे धुरी म्हणून वापरलेला साधा बोल्ट. ६२०१ बेअरिंगचं भोक १२ मिमी नेमकं असतं. बाजारातल्या एम-१२ बोल्टचा दांडा व्हर्नियरला ११.७ ते ११.९ भरतो. तो ०.२ मिमीचा फरक चाकाच्या कडेवर तिरकेपणा म्हणून दिसतो, आणि जॉब दाबला की चाक दुसऱ्या बाजूला कलतं. तुम्ही नॉबने एक कल सुधारता, जॉब उचलताच चाक परत जागेवर येतं आणि बेल्ट उलटीकडे पळतो. आटे असलेल्या भागावर बेअरिंग बसवलं असेल तर आणखी वाईट, कारण आट्यांची टोकं दबत जातात आणि खेळ महिन्यागणिक वाढतो.

धुरी ईएन-८ पोलादाच्या ब्राइट बारमधून (गुळगुळीत दांड्यातून) काढून घ्या. ६२०२ बेअरिंग वापरलं तर धुरी १४.९८ ते १४.९९, एका टोकाला २० मिमीचा खांदा, दुसऱ्या टोकाला एम-१२ आटे आणि नायलॉक नट. ६२०२ दुचाकींतही वापरतात, त्यामुळे ते कुठल्याही गावात मिळतं. रबर सीलचंच घ्या. पत्र्याच्या सीलमधून घासाईची बारीक धूळ आत जाते आणि चार महिन्यांत बेअरिंग खरखरतं.

दोन बेअरिंगांमधला आतला स्पेसर (अंतर राखणारी नळी) नसणं हा दुसरा दोष. स्पेसर नसेल तर नट आवळताना दोन्ही आतल्या रेस (बेअरिंगच्या कड्या) एकमेकींकडे ओढल्या जातात, बेअरिंग जाम होऊन तापतं. म्हणून माणूस नट सैल ठेवतो, आणि सैल ठेवला की चाक डगडगतं. या कोंडीतून नटाचा कुठलाही आवळ बाहेर काढत नाही, स्पेसरच लागतो.

लेथवाल्याला काम असं सांगा. ५० मिमी रुंद अ‍ॅल्युमिनियम राउंडला ३५ मिमीचा बोअर आरपार, एकाच सेटिंगमध्ये. दोन्ही बेअरिंगांच्या जागा वेगवेगळ्या बाजूंनी, जॉब उलटा धरून केल्या तर त्या एका सेंटरमध्ये येतीलच असं नाही. मग तो बोअर मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) धरून बाहेरचं टर्निंग आणि क्राऊन. बेअरिंगांच्या मधे १८ मिमी लांबीचे दोन स्पेसर, एक आतल्या रेससाठी आणि एक बाहेरच्या रेससाठी. दोन्हींचं फेसिंग अगदी एकाच मापाला. बेअरिंग-स्पेसर-बेअरिंग मिळून ४० मिमी होतात आणि दोन्ही कडांना ५ मिमी राहतात. तिथे ३५ च्या सर्कलिपसाठी (बेअरिंग अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीसाठी) १.६ मिमीची खाच मारायची. सातपूर-अंबडच्या जॉबवर्कवाल्यांना हे काम नवीन नाही, पण बोअर एका सेटिंगमध्ये आणि टर्निंग मँड्रेलवर, या दोन गोष्टी तोंडाने सांगाव्याच लागतात. कागदावर चित्र काढून दिलं तर अधिक बरं.

बेअरिंग अ‍ॅल्युमिनियममध्ये ०.०२ ते ०.०३ मिमी घट्ट बसवा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे थंडीत हाताने बसणारं बेअरिंग कामात मोकळं होतं. वर सांगितलेलं 'वीस मिनिटांनी सरकतो' हे याचंच लक्षण. बोअर आधीच मोकळा झाला असेल तर चाक टाकून देण्याआधी लॉकटाइट ६३८ सारखं रिटेनिंग कंपाउंड लावून बघा. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसायचे, बेअरिंगच्या सीलवर थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि रात्रभर हात लावायचा नाही. बोअरवर पंचाने टिकल्या मारून बेअरिंग घट्ट करण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने बेअरिंग एका बाजूला ढकललं जातं आणि चाक कायमचं आउट होतं.

ड्राइव्ह चाकाची गोष्ट थोडी वेगळी. १.५ एचपीच्या दोन पोल मोटरचा शाफ्ट बहुधा १९ मिमी असतो, २ एचपीचा २४ मिमी. भंगारातून आणलेल्या मोटरचा शाफ्ट झिजलेला असू शकतो, म्हणून बोअर पुस्तकातल्या मापाने न करता हातातल्या शाफ्टवर करून घ्या. बोअर ०.२ मिमी मोठा असेल तर ग्रब स्क्रू आवळताच चाक एका बाजूला ढकललं जातं आणि डायल २० घरं दाखवतो. शाफ्ट आणि चाकाच्या खाचेत बसणारी चावी (की) हवीच. एक ग्रब स्क्रू चावीवर, दुसरा त्याच्या काटकोनात.

चाकांची रेषा

एक मीटर लांब, खात्रीची सरळ पट्टी किंवा नवा अ‍ॅल्युमिनियम चॅनेल घ्या. ड्राइव्ह आणि ट्रॅकिंग चाकांच्या कडांना ती लावा. नॉब मध्यावर असताना ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. कुठे फट असेल तर फिलर गेजने मोजा. अर्धा मिमीपर्यंत ठीक. चाकांच्या रुंदी वेगळ्या असतील तर कडा जुळवायच्या नाहीत, मध्य जुळवायचे: रुंदीतल्या फरकाच्या निम्म्या जाडीचा शिम (पातळ पत्रा) लावून मोजा. मग प्रत्येक धुरी फ्रेमशी गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघा.

फट निघाली तर संशय वेल्डिंगवर घ्या. चौकोनी पाइपला एकाच बाजूने सलग टाका मारला की थंड होताना पाइप त्या बाजूला ओढला जातो. ३०० मिमी हातावर दीड-दोन मिमी सहज जातात. नवीन फ्रेम करत असाल तर आधी चारही कोपऱ्यांना टॅक (छोटे तात्पुरते टाके), चाकं आणि पट्टी लावून तपासणी, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून २०-२५ मिमीचे टाके. बनून गेलेली फ्रेम कापत बसू नका. मोटरच्या पायाखाली शिम घालून ड्राइव्ह चाक वळवता येतं. मोटरचे चारही पाय आधी बोल्ट न आवळता प्लेटवर टेकतात का ते बघा. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला तर सगळी रेषा तिथेच बिघडते. मोटर १५-२० किलोची असते, तिच्याखाली ६ मिमीची प्लेट लवते. १० मिमीची घाला.

प्लॅटनचा हात ५० मिमी पाइपच्या खाचेत सरकणारा असेल तर आणखी एक चाचणी करा. हात आवळण्याचा बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. बेल्टची जागा बदलली तर खाच सैल आहे आणि बोल्ट हाताला तिरका ढकलतो. आतल्या बाजूची वेल्डची शिवण फाइलने साफ करा, मोकळ्या बाजूला अर्धा मिमी पितळी पट्टी घाला. आवळण्याचे बोल्ट वरून लावा, बाजूने नको.

बिजागरी आणि नॉब

ट्रॅकिंगचं चाक ज्या ब्लॉकवर आहे तो हाताने हलवा. ४० मिमी रुंद बिजागरीत ०.३ मिमी खेळ असेल तर चाक जवळपास अर्धा अंश मोकळं हलतं. नॉबने तुम्ही जेवढी दुरुस्ती करता ती साधारण तेवढ्याच मापाची असते, मग बेल्ट टिकणार कसा? दाराची बिजागरी तर या कामाला लावूच नये. भोक रीमरने साफ करून गनमेटलचे बुश आणि नेमक्या मापाची पिन घाला. नॉबचा स्क्रू अशा बाजूने असू द्या की बेल्टचा ताण ब्लॉकला स्क्रूवर दाबेल. मग उरलासुरला खेळ एकाच बाजूला राहतो. एम-१० चा बारीक आट्यांचा, १.२५ पिचचा स्क्रू घ्या, आणि कंपनाने तो फिरू नये म्हणून डोक्याखाली कडक स्प्रिंग. लॉकनटही चालतो, पण मग दर वेळी दोन पाने लागतात आणि लोक तो आवळायचा सोडून देतात.

ताण

ताणकाटा ट्रॅकिंग चाकाच्या धुरीला अडकवून बेल्ट सैल होईपर्यंत ओढा. १२ ते २० किलो दाखवला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात किचन ट्रॉलीच्या झाकणासाठीचे गॅस स्प्रिंग मिळतात, त्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलो. पण स्प्रिंग हाताच्या मध्यावर लावला तर चाकापाशी निम्माच जोर पोचतो, आणि बरेच जण इथेच फसतात. १५० न्यूटनचे दोन मध्यावर लावले की चाकापाशी १५ किलो मिळतात. रॉडचं तोंड खाली ठेवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. गॅस स्प्रिंग वर्षा-दोन वर्षांत मऊ पडतो, म्हणून ताणकाटा फेकून देऊ नका. गाडीच्या डिकीचा स्प्रिंग मात्र नको. त्याच्या जोराने हात वाकतो, सांधे तुटतात, बेअरिंग लवकर जातात.

सिंगल फेज मोटर चालू होताना एकदम झटका देते आणि त्या क्षणी बेल्टची सैल बाजू लोंबते. थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (वेग बदलता येणाऱ्या ड्राइव्हवर) चालवत असाल तर वेग चढण्याचा अवधी २ ते ३ सेकंद ठेवा, झटका जातो. २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर मोटर डेल्टात जोडलेली हवी (स्टार आणि डेल्टा या तिच्या तारा जोडायच्या दोन पद्धती). स्टारमध्ये राहिली तर जोरच येत नाही, आणि लोक ताणाला दोष देत बसतात.

व्हीएफडी असेल तर एक चाचणी फुकटात मिळते. बटसांध्याचा (टोकाला टोक जोडलेला) बेल्ट, जॉब न लावता, कमी वेगात उलटा फिरवा. सुलट मधे राहणारा बेल्ट उलट फिरवताच कडेला पळाला, तर कुठलंतरी चाक तिरकं आहे आणि इतके दिवस नॉबने ते सांभाळलं होतं. तिरक्या चाकाचा ढकलण्याचा रोख दिशा बदलली की उलटतो, क्राऊनचा मात्र तोच राहतो.

प्लॅटन दोन छोट्या चाकांच्या रेषेपेक्षा १ ते दीड मिमी पुढे हवा, म्हणजे अर्धा सूत. तो चाकांशी तिरका बसला असेल तर जॉब दाबताच बेल्ट बाजूला जातो. एमएसचा (साध्या पोलादाचा) प्लॅटन मधे झिजून खोल होतो, पट्टी लावून उजेडात बघा.

दुरुस्तीनंतरची तपासणी

क्रम बदलू नका: बेल्ट, चाकांचा आउट, रेषा, बिजागरी, ताण, आणि सगळ्यात शेवटी नॉब. एका वेळी एकच गोष्ट बदला. मग ट्रॅकिंग चाकावर गार्ड लावून, बेल्टच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहून, मोटर एका झटक्यासाठी चालू-बंद करा. बेल्ट मधे राहिला तर पाच मिनिटं मोकळा चालवा. हातमोजे नकोत, गॉगल हवाच. नंतर जुना कोयता किंवा एमएसची पट्टी घेऊन आधी बेल्टच्या डाव्या कडेला, मग उजव्या कडेला जोर द्या. जोर काढल्यावर बेल्ट दोन-तीन फेऱ्यांत स्वतःहून मधे आला पाहिजे. २ मिमीपर्यंत हलला तर हरकत नाही.

अर्धा तास काम करून मोटर बंद करा, पिन काढा आणि प्रत्येक चाकाच्या मध्याला हात लावा. कोमट ठीक. एखादं चाक हात ठेववत नाही इतकं तापलं असेल तर त्यातला स्पेसर आखूड आहे. तो बदलायच्या आधी नट थोडा सैल करून चाक मोकळं फिरतं का ते बघा, फिरलं तर खात्री झाली. आणि या मशीनवर अ‍ॅल्युमिनियम घासणार असाल तर खाली साठलेली लोखंडाची धूळ आधी झाडून काढा. दोन्हींची धूळ एकत्र साठली आणि त्यात ठिणगी पडली तर लागलेली आग पाण्याने विझत नाही, शेजारी कोरडी वाळूची बादली ठेवा.